डाव्या हातातला क्लच

मामांनी मला स्कूटर भेट दिली असं मी लोकांना सांगते, पण ते तितकंसं खरं नाही. २०२४च्या दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "रविवारी भंगारवाला येतोय. त्याच्या आधी न्यायची असली तर ने. मागनं रडायचं नाही." भंगारवाल्याने अठराशे सांगितले होते. मी दोन हजार देते म्हटल्यावर मामा भडकले. "मी काय दुकान मांडलंय का गं?"

स्कूटर म्हणजे प्रिया, १९८७ची. चेतकइतकं नाव तिच्या वाट्याला आलं नाही, पण साताऱ्यात प्रियाला घरच्या पोरीचा मान आहे, कारण ती इथलीच. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून १९७५मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि कारखाना साताऱ्याच्या एमआयडीसीत उभा राहिला. मामा तिथे असेंब्लीला होते. शिफ्टभर दुसऱ्यांच्या गाड्यांचे नट आवळायचे आणि संध्याकाळी सायकलवर घरी यायचं, असं कित्येक वर्षं चाललं. मग १९८७च्या दसऱ्याला स्वतःची गाडी आली. मी तेव्हा नऊ वर्षांची. पुढे उभी राहून हॅंडलच्या मधोमध हनुवटी टेकवायचे आणि स्पीडोमीटरची काच श्वासाने धुरकट व्हायची, तेवढंच आता आठवतं.

२०१२मध्ये गाडीच्या नोंदणीची मुदत संपली. त्याच सुमाराला मामांचा उजवा गुडघा गेला आणि किक मारणं थांबलं. तेव्हापासून ती करंजे पेठेतल्या त्यांच्या घरी जिन्याखाली उभी होती, वर जुनी सतरंजी टाकून. टेंपोत चढवताना दोन्ही टायर रिमवरून अक्षरशः भुशासारखे झडले.

घरी आणल्यावर पहिल्या उत्साहात मी किकवर पाय दिला. किक जागची हलली नाही. सगळं वजन टाकून उभी राहिले तरी नाही. मामांना फोन केला तर पलीकडून आधी एक उसासा आला. "लाथा नको मारू. बारा वर्षांनी उठवायचंय तिला. प्लग काढ, भोकातनं थोडं डिझेल नि थोडं ऑईल सोड आणि चार दिवस तिच्याकडं बघू नको." मी बँकेत नोकरी करते. प्लगचा पाना हातात धरायची ही पहिलीच वेळ. पण मामांनी तो पानाही पाठवून दिला होता, डाव्या डिकीत, खाकी फडक्यात गुंडाळून. चौथ्या दिवशी संध्याकाळी किक हाताने दाबून पाहिली. चिखलात रुतलेला पाय निघावा तशी ती हळूहळू, आवाज करत खाली गेली. मी अंगणात एकटीच ओरडले.

पुढचं काम मिस्त्रींचं. साताऱ्यात अजून दोन-चार जण हातगिअरच्या स्कूटरी करतात, त्यातले एक मामांनीच सुचवले. वय साठीच्या पुढे, नाकावर चष्मा, बोलणं मोजकं. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "मॅडम, चालवायचीय की फोटोला पाहिजे?" त्यांच्याकडे हल्ली अशा गाड्या येतात त्या लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांच्या. रंग नवा, इंजिन मेलेलं. चालवायचीय म्हटल्यावर ते खाली बसले, उजवी डिकी काढली आणि इंजिनाचा वास घेतला. मला आधी गंमत वाटली. नंतर कळलं, सडलेल्या पेट्रोलचा वास वेगळा असतो, जुन्या व्हार्निशसारखा, आणि तो आला की टाकी, नळ, कार्ब्युरेटर सगळंच खोलावं लागतं.

पाच शनिवार मी तिथे स्टुलावर बसून काढले. टाकीत रॉकेल आणि मूठभर जुने नट टाकून ती खुळखुळ्यासारखी हलवायची, ओतायची, पुन्हा हलवायची. पहिल्यांदा निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं, सहाव्यांदा सरबताच्या. पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटल्या होत्या आणि सिलिंडरला गंज चढून व्रण पडले होते, म्हणून बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून थोडा कापून रुंद करून, एक साईझ मोठा पिस्टन टाकला. क्रँकचे ऑईल सील बदलले. हे मी वाचवायला निघाले होते, कारण सील दिसायला धड होते. मिस्त्रींनी जुनं सील बोटाने वाकवून दाखवलं, बिस्किटासारखं तुटलं. हे असंच ठेवलं असतं तर इंजिनाने गिअरबॉक्सचं ऑईल ओढून घेतलं असतं आणि मागे पांढऱ्या धुराचा लोट सोडला असता. क्लचच्या कॉर्क प्लेटा, ब्रेकशू, सगळ्या वायरी, दोन टायर-ट्यूब. सायलेन्सर मात्र तोच राहिला. त्यात साचलेला कार्बन त्यांनी जाळून काढला. दुकानामागे विटांवर सायलेन्सर ठेवून पेटवला तेव्हा शेजारचे झेरॉक्सवाले दोनदा येऊन ओरडून गेले.

मला सगळ्यात आवडलं ते पॉइंटचं काम. मॅग्नेटोच्या खिडकीतून आत दोन छोटे पॉइंट दिसतात. ते एकमेकांपासून किती उघडावेत यावर ठिणगी कधी पडणार ते ठरतं. मिस्त्रींनी खिशातून कुणाचंतरी व्हिजिटिंग कार्ड काढलं, पॉइंटच्या मध्ये सरकवलं, स्क्रू किंचित ढिला केला, पुन्हा आवळला, कार्ड ओढून पाहिलं. जरासं अडून सुटलं पाहिजे. प्लगसाठी कार्ड चालत नाही, तिथे हॅक्सॉ ब्लेड. मोजायची पट्टी त्यांच्याकडे होती, भिंतीवर टांगलेली. ती कुणी गिऱ्हाईक फार प्रश्न विचारायला लागलं की काढायची, असं ते म्हणाले. त्या दिवशी माझ्यासाठी काढली नाही, याचा मला उगीचच अभिमान वाटला.

पाचव्या शनिवारी तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो आवाज सांगता येत नाही, पण चाळिशीच्या पुढच्या कुठल्याही मराठी माणसाला माहीत आहे. मी फोन मामांच्या कानाशी पोचेल असा इंजिनाजवळ धरला. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आयडल जास्त ठेवलाय." बिल झालं १४,३००. अठराशेच्या भंगाराला.

गाडी चालू झाली म्हणजे रस्त्यावर आणता येते असं नाही. इथून पुढचं काम कागदांचं, आणि त्यात पहिलाच अडथळा असा की ही गाडी संगणकाच्या लेखी जन्मलीच नव्हती. साताऱ्याचा एमएच-११ यायच्या आधीचा तिचा नंबर, तीन अक्षरी. शेवटचं नूतनीकरण २००७चं, सगळी नोंद हाताने लिहिलेल्या आरसी बुकात आणि जुन्या रजिस्टरात. आरटीओच्या 'वाहन' या संगणक प्रणालीत माहिती नसेल तर ऑनलाइन अर्जाला पहिल्याच पानावर पूर्णविराम. आधी बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घेणं, मग नूतनीकरण, मग माझ्या नावावर हस्तांतरण. क्रम चुकवून चालत नाही. मी फॉर्म २९ आणि ३० वर मामांच्या सह्या घेऊन आधी हस्तांतरणालाच गेले होते. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे ते माझ्याकडे परत सरकवले. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

बॅकलॉगसाठी चेसिस नंबर हवा. आरसी बुक सगळी वर्षं स्कूटरच्या डिकीत होतं आणि किती पावसाळ्यांचं पाणी त्यात मुरलं असेल कुणास ठाऊक. शाई पसरली होती. मधला एक आकडा ३ आहे की ८ हे भिंगातूनही ठरेना. म्हणून चेसिसवरून पेन्सिल प्रिंट घ्यायला बसलो. मामांनी दर पाच-सात वर्षांनी गाडी रंगवून घेतली होती, आणि रंगाऱ्यांनी प्रत्येक वेळी नंबरावरूनच ब्रश फिरवला होता. रंगकाम काढायचं पण नंबर घासायचा नाही, नाहीतर खोडाखोड केली अशी शंका यायची. मिस्त्रींनी रिमूव्हर लावून, जुन्या टूथब्रशने, तासभर लावून एकेक थर उतरवला. मातकट, हिरवा, पुन्हा मातकट, आणि सगळ्यात खाली मूळचा फिकट निळा. मग पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी फिरवली. आकडे एकेक करून पांढरे उमटत आले. ८ होता.

आणि तरीही प्रिंट आणि बुक जुळतात हे सिद्ध व्हायला आणखी एक कागद हवाच होता. मामा म्हणाले, "बिल दाखव की." कुठलं बिल? विकत घेतल्याचं, १९८७चं, टाइप केलेलं. ते त्यांनी रेशनकार्डासोबत दुधाच्या पिशवीत घालून ठेवलं होतं, त्यात नंबर स्वच्छ. मी तीन आठवडे भिंग घेऊन बसले होते, ते त्यांनी पाहिलं होतं. आधी का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाले, "तू विचारलं नाहीस."

बाकीचं लवकर सांगते, आकडे सगळे तेव्हाचे. नूतनीकरणाची फी १,००० रुपये, पाच वर्षांसाठी. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पर्यावरण कर २,०००, वर उशिराचा दंड. (ऑगस्ट २०२५मध्ये वीस वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची नूतनीकरण फी २,००० झाली. म्हणजे मी थोडक्यात वाचले.) थर्ड पार्टी विमा दीडशे सीसीच्या आतला, मूळ हप्ता ७१४ आणि वर जीएसटी. तो देणारी कंपनी चौथ्या फोनला मिळाली. नवी सुरक्षा नंबरप्लेट जीएसटी धरून ५३१ रुपये. पुढची प्लेट लावायला या गाडीवर धड जागाच नाही, मिस्त्रींनी पट्टी वाकवून सोय केली. जुनी तीन अक्षरं नव्या चकचकीत प्लेटवर विचित्र दिसतात, आजोबांना जीन्स घातल्यासारखी.

पीयूसीला पहिल्यांदा नापास. २०००च्या आधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा साडेचार टक्के आहे, माझी पाचाच्या वर गेली. गाडी गरम न करताच नेली होती आणि एअर फिल्टर बदलायचा राहिला होता. फिल्टर, एअर स्क्रूला पाव आटा, सातारा-कोरेगाव रस्त्यावर दहा मिनिटांची चक्कर, आणि ३.९. पास म्हटलं तरी मागे बसणाऱ्याच्या साडीला वास येतोच. पेट्रोलसोबत ऑईलही जाळणाऱ्या अशा टू-स्ट्रोक गाड्या का गेल्या हे त्या मशीनसमोर उभं राहिलं की कुणी समजावून सांगायला लागत नाही. मीही ती रोज बँकेत नेत नाही. आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

आणि लायसन्स! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वीस वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवतेय, पण माझ्या लायसन्सवर 'विना गिअर'. प्रियाला चार गिअर. म्हणजे शिकाऊ लायसन्स, चाळिशी ओलांडल्यामुळे डॉक्टरचा दाखला, गाडीला पुढे आणि मागे लाल एल आणि तीस दिवसांनी चाचणी. सेहेचाळिसाव्या वर्षी एल लावून निघाले तेव्हा सोसायटीतली पोरं कट्ट्यावरून उठून उभी राहिली.

मामांनी शिकवायचं ठरलं. ते मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत, गुडघ्याला पट्टा, हातात काठी. डावी मूठ म्हणजे सगळं काही, तिथेच क्लच, तिथेच गिअर. क्लच दाबून मूठ वर फिरवली की पहिला, खाली न्यूट्रल, त्याच्या खाली दुसरा, तिसरा, चौथा. उजव्या पायाखाली मागचा ब्रेक. हे सगळं कागदावर काढून घेतलं, पाठ केलं, पहिल्या दिवशी जमलंही. मामा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे मोठी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या उताराला लागले. समोर क्रिकेटचे स्टंप. थांबायला म्हणून डाव्या हाताने करकचून लिव्हर ओढली. अ‍ॅक्टिव्हावर तिथे ब्रेक असतो. वीस वर्षांत त्या हाताने दुसरं काही केलेलं नाही. इथे तिथे क्लच. गाडी थांबायच्या ऐवजी इंजिनातून सुटली आणि उताराने हलक्या पायाने धावायला लागली. मी आणखी जोरात ओढली, ती आणखी धावली. स्टंप गेले, विकेटकीपर गेला (पळून), आणि मी जाऊन बाभळीच्या झुडपात थांबले. हाताला ओरखडे, हॅंडल थोडं वाकडं. मामा लंगडत आले, आधी गाडीभोवती फिरले, मग माझ्याकडे बघितलं. "डाव्या हाताला सांग, तुझी बदली झाली."

ते सांगायला पंधरा दिवस लागले. घरी भाजी चिरतानाही मी डावी मूठ हवेत फिरवायचे. अजूनही अ‍ॅक्टिव्हावर बसले की सिग्नलला हात मूठ वर करायला जातो. दोन्ही गाड्या एकाच दिवशी चालवायच्या नाहीत, हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. चाचणीला आठचा आकडा काढताना पाय एकदाही टेकला नाही. तपासणारे साहेब उगाच दोन मिनिटं गाडीशी रेंगाळले. त्यांनी विचारलं ते माझ्याबद्दल नाही, "बोअर केलंय का?" एवढंच.

सांभाळणं रोजचं. पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-टी ऑईलचं मशीन पंपावर आता शोधून सापडत नाही, बाटली डिकीत ठेवावी लागते. लिटरला २० मिली, नवीन बोअर म्हणून पहिल्या पाचशे किलोमीटरला ३०. आधी ऑईल ओतायचं, वरून पेट्रोल, म्हणजे धारेने आपोआप मिसळतं. पंपावरच्या पोराला हे दरवेळी सांगायला लागतं, कारण त्याच्या जन्माआधीची रीत आहे. पहिले पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. आणि आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, जुन्या रबराला फुगवतं. म्हणून मिस्त्रींनी कार्ब्युरेटरची रबरं बदलून दिली आणि एक गोष्ट तीनदा सांगितली, "उभी केली की नळ बंद. पाच मिनिटं असली तरी बंद." सीटखाली हात घालून पेट्रोलचा नळ बंद करायची मला मग सवयच लागली. प्लग महिन्यातून एकदा काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा. विटकरी रंग चांगला, काळी काजळी वाईट.

जुलैत, ते पहिले पाचशे किलोमीटर संपल्यावर, एका रविवारी यवतेश्वरचा घाट चढले. झिमझिम पाऊस, दुसरा गिअर, इंजिनाचा आवाज कड्यावर आपटून परत कानावर. निम्म्यावर एका टपरीपाशी थांबून चहा आणि मक्याचं कणीस घेतलं. पुन्हा निघाले तर दोन वळणं चढून गाडी गचके देऊन बंद. किक. नाही. चोक ओढून किक. नाही. मग ते केलं जे लहानपणी मामांना शंभर वेळा करताना पाहिलं होतं, गाडी पार कलती केली, थोडी थांबले, उभी केली, किक. एक फटका फुटला आणि पुन्हा शांत. कासला निघालेली एक गाडी थांबली, आतल्या पोरीने काच खाली करून व्हिडिओ काढला आणि ते निघून गेले. पाना काढला, प्लग काढला. कोरडा ठणठणीत. काजळी असती तरी बरं, काही घासता तरी आलं असतं. घासला तरीही. बसवला. अकरा किका झाल्यावर दम खायला सीटवर टेकणार, तेवढ्यात सीटखालच्या नळाची आठवण झाली.

परत येताना मोती चौकातून कंदी पेढे घेतले आणि मामांकडे गेले. ते खुर्चीत पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "प्लग काढलास?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"नखं बघ तुझी." मग पेपर खाली घेऊन, "कोरडा होता ना?"

मी पेढ्यांचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला आणि चहा ठेवायला आत गेले.